घरात आणखी कोण असते?

वयस्कर रुग्ण पहिल्यांदा तपासणीला आले की मी काही प्रश्न ठरावीक क्रमाने विचारतो. झोप लागते का, जेवण जाते का, पोट साफ होते का, उठताना चक्कर येते का. शेवटी विचारतो, ‘घरात कोण कोण असतं?’ उत्तर येते, ‘आम्ही दोघंच,’ किंवा ‘मुलगा-सून पुण्याला, मी एकटीच.’ गेल्या काही वर्षांपासून मी त्याला आणखी एक प्रश्न जोडतो, ‘आणि एखादं मुकं जनावर? कुत्रा, मांजर?’ पुष्कळांना या प्रश्नाचे हसू येते. काही जण मात्र लगेच नाव सांगतात, आणि नाव सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

हा प्रश्न मला वैद्यकीय महाविद्यालयात कोणी शिकवला नव्हता. तो मी आमच्या घरातल्या एका कुत्र्यामुळे शिकलो, आणि तोही तो गेल्यानंतर, माझ्या हातून एक चूक झाल्यावर. त्या कुत्र्याचे नाव पावशा.

गोष्ट २००८च्या जून महिन्यातली. वाईमध्ये मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला होता. आमचे घर आणि दवाखाना एकाच आवारात आहेत. दवाखान्याच्या पायरीजवळ औषधांच्या रिकाम्या खोक्याआड एक पिल्लू कुडकुडत बसलेले दिसले. त्याची जन्मदाती म्हणजे आमच्या आळीतली सर्वांच्या ओळखीची गावठी कुत्री. बाप बहुधा पलीकडच्या बंगल्यातला लॅब्राडोर असावा. पिल्लाचा रंग मातकट तांबूस, छाती पांढरी, पाय गावठी कुत्र्याचे असावेत तसे लांब आणि काटक, डोके मात्र रुंद. एक कान उभा राही, दुसरा कायम पडलेला असे. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणत, ‘दोन्ही घराण्यांत वाटणीचा तंटा झाला आणि कोर्टानं एकेक कान वाटून दिला.’

माझ्या आईचा घरात कुत्रा ठेवायला ठाम विरोध होता. तिचे सोवळे-ओवळे कडक. पण तो दिवस गुरुवार होता आणि ती नुकतीच दत्ताचे दर्शन घेऊन आली होती. ‘दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात. गुरुवारी दारात आलेल्याला हाकलायचं कसं?’ असे पुटपुटत तिने बशीभर दूध आणून ठेवले. जांभळीवर पावशा पक्षी ओरडत होता. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ही त्याची हाक आमच्याकडे पावसाची वर्दी मानतात. ‘पावसाबरोबर आलाय, पावशाच म्हणा त्याला,’ असे आई म्हणाली आणि नाव पडले. गाईचे दूध पिल्लांना सोसत नाही, हे पशुवैद्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. तोवर आईला रात्रभर ओसरी पुसावी लागली होती.

ओसरीच्या आत पाऊल नाही, हा पहिला नियम. थंडी पडली तेव्हा तो माजघराच्या उंबऱ्यापर्यंत सैल झाला. दोन वर्षांनी पावशा अण्णांच्या खाटेखाली झोपू लागला आणि नियम नेमका कधी मोडला, हे कोणालाच सांगता येईना.

त्याचे गुण सांगायचे तर फार नव्हते. राखणदार म्हणून तो कुचकामाचा होता. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला तो आप्त समजे. सुईच्या भीतीने रडणारी मुले त्याच्या पडलेल्या कानाला हात लावू दिला की शांत होत. काकडी, कलिंगड आणि भाकरीचा करपलेला पापुद्रा हे त्याचे आवडते पदार्थ. दिवाळीत फटाके सुरू झाले की तो औषधांच्या कपाटामागे जाऊन बसे आणि तिथून त्याला काढायला अण्णाच लागत. एका होळीला त्याने नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी पळवली. आईचा संताप पाहून अण्णांनी नामदेवांची गोष्ट काढली; कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले होते. आई म्हणाली, ‘मग घ्या वाटी आणि धावा तुम्ही.’ अण्णा निवृत्त शिक्षक; त्यांना त्यांच्याच धड्यातले उत्तर मिळाल्याचे मी तेव्हा प्रथमच पाहिले.

एका बाबतीत मात्र मी डॉक्टर म्हणून कधीही ढिलाई होऊ दिली नाही, आणि ती म्हणजे रेबीजची लस. प्रशिक्षणाच्या काळात मी या रोगाचा एक रुग्ण पाहिला आहे. पाण्याचा पेला समोर आला की त्याच्या घशाचे स्नायू आवळून येत. तो शुद्धीवर होता आणि त्याला सर्व समजत होते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. पावशाला तिसऱ्या महिन्यात पहिली लस टोचली आणि पुढे दरवर्षी पशुवैद्यांकडे त्याला अण्णा चालत घेऊन जात.

२०१४मध्ये आई गेली. अण्णा तेव्हा ७६ वर्षांचे होते. त्यानंतरचे काही दिवस पावशा स्वयंपाकघराच्या दाराशी पडून असे आणि अण्णा खाटेवर. भेटायला येणारे लोक हळूहळू कमी झाले. मी दवाखान्यात गुंतलो. एका पहाटे पावशाने हनुवटी खाटेच्या कडेवर टेकवली आणि तो अण्णांकडे एकटक पाहत राहिला. त्याला बाहेर जायचे होते. अण्णा उठले. दुसऱ्या दिवशीही उठले. पुढे सात वर्षे, पावसाळ्यातला एखादा दिवस सोडला तर, साडेपाचचा हा क्रम चुकला नाही. आळीतून निघायचे, ढोल्या गणपतीला बाहेरूनच नमस्कार करायचा, कृष्णेच्या घाटावर थोडे टेकायचे आणि परत. नुकतीच पत्नी गेलेल्या माणसाशी काय बोलावे, हे लोकांना सुचत नाही, म्हणून ते बोलायचेच टाळतात. अण्णांच्या बाबतीत त्यांची सोय झाली होती. ‘काय म्हणतोय पावशा?’ इतके विचारले की संभाषण सुरू होई.

कुत्र्याच्या सहवासाने माणसाच्या शरीरात काय घडते, याचा अभ्यास झालेला आहे. २०१५ साली जपानी संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले. आई आणि तान्हे मूल यांच्यातल्या जिव्हाळ्याशी ज्याचा संबंध जोडला जातो, तेच हे संप्रेरक. २०१३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने म्हटले की, पाळीव प्राणी, विशेषतः कुत्रा पाळणे आणि हृदयविकाराचा धोका कमी असणे यांचा संबंध असू शकतो. मात्र केवळ तेवढ्याच हेतूने प्राणी घरात आणू नये, असेही त्यांनी बजावले. मला हा इशारा महत्त्वाचा वाटतो. कुत्रा हे औषध नव्हे. तो घरातला एक जीव आहे. तो आजारी पडतो, म्हातारा होतो आणि बहुधा आपल्याआधी जातो.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली. घाट बंद, मित्रमंडळी बंद. मी दिवसभर रुग्ण तपासत असल्याने अण्णांच्या खोलीत जाणे मीच टाळत होतो. माझ्या अनेक वृद्ध रुग्णांचे पाय त्या काही महिन्यांत कायमचे अशक्त झाले. अण्णा पावशाला घेऊन आवारात वीस फेऱ्या मारत. फेऱ्या मोजायला ओसरीच्या कठड्यावर वीस चिंचोके ठेवलेले असत. प्रत्येक फेरीला एक चिंचोका इकडून तिकडे सरके.

पावशा तोवर बारा वर्षांचा झाला होता. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब फारसा अचूक नाही, पण मोठ्या आकाराच्या कुत्र्यासाठी बारा वर्षे म्हणजे उतारवय खरेच. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरला. मागचे पाय शहाबादी फरशीवर घसरू लागले. रात्री तो उगाच फिरे, कोपऱ्यात तोंड करून उभा राही, परतीची वाट विसरे. माणसांतल्या स्मृतिभ्रंशासारखा विकार म्हाताऱ्या कुत्र्यांनाही होतो, हे मला पशुवैद्यांकडून कळले. अण्णांनी त्याच्यासाठी घराची फेररचना केली. फरशीवर न घसरणाऱ्या रबरी चटया आल्या. रात्रभर जळणारा एक मंद दिवा आला. वाटेतली तिपाई हलली. पाण्याचे भांडे खाटेजवळ आले. हे सर्व ८२ वर्षांच्या माणसाच्या घरात त्याच्या स्वतःसाठी आधीच असायला हवे होते. इतरांना मी हे रोज सांगतो. स्वतःच्या वडिलांसाठी ते मला सुचले नव्हते.

२०२१च्या नोव्हेंबरात त्याची मूत्रपिंडे निकामी होत आल्याचे निदान झाले. शेवटच्या रात्री अण्णा जमिनीवर त्याच्याशेजारी बसून होते. पहाटे तो गेला. माळ्याच्या मदतीने अण्णांनी त्याला परसात जांभळीखाली पुरले. मी आठ वाजता तिथे गेलो. त्यांच्या हाताला माती लागलेली होती. मी म्हणालो, ‘अण्णा, वय झालं होतं त्याचं. किती वाईट वाटून घ्याल? आपण दुसरं पिल्लू आणू.’ अण्णा म्हणाले, ‘बरं.’ मी दवाखान्यात निघून गेलो. बाहेर रुग्ण थांबले होते, हे खरे. पण एखाद्या रुग्णाचे वडील गेले असते, तर त्या रुग्णाला मी असे वाक्य ऐकवले नसते.

पुढचे सहा आठवडे मी सविस्तर सांगतो, कारण माझी चूक त्यातच आहे.

अण्णा तक्रार करत नव्हते. वेळेवर आंघोळ, वर्तमानपत्र, दुपारची झोप; वरवर सर्व ठीक. पण सदरा सैल दिसू लागला. तिसऱ्या आठवड्यात वजन केले तर तीन किलोंनी कमी भरले. रक्तदाब १७० आणि ९४. मी साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सोडियम सर्व तपासून घेतले. काही विशेष निघाले नाही. मग मी रक्तदाबाची आणखी एक गोळी सुरू केली. पाचव्या आठवड्यात पहाटे मोरीकडे जाताना अण्णांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते पडले. कपाळाला खोक, मनगटाला सूज. हाड मोडले नाही, ते केवळ रबरी चटईमुळे. उभे करून रक्तदाब मोजला तर १०० आणि ६०.

मी कोड्यात पडलो. दोन आठवड्यांपूर्वी जो रक्तदाब चढा होता, तो आता इतका उतरला कसा? उत्तर स्वयंपाकाच्या मावशींनी दिले. त्या म्हणाल्या, ‘दादा, अण्णा गोळ्या पावशाबरोबर घ्यायचे. त्याची भाकरी कुस्करून झाली की पहिली वाटी त्याला, मग स्वतःची गोळी, मग जेवण. आता भाकरी कुस्करायची नाही, तर गोळीचीही आठवण राहत नाही. जेवणही अर्धंच. अर्धी भाकरी त्याला देता देता अण्णा दीड खायचे.’

मी गोळ्यांची पाकिटे काढून मोजली. जुन्या गोळ्या जवळपास तशाच होत्या. म्हणजे रक्तदाब वाढला होता तो गोळ्या न घेतल्यामुळे, आणि मी मात्र त्या घेतल्या जात आहेत असे गृहीत धरून मात्रा वाढवली होती. पडण्याच्या आदल्या दिवशी मावशींनी आठवण केली म्हणून अण्णांनी सर्व गोळ्या एकदम घेतल्या होत्या, आणि त्याही जवळजवळ उपाशी पोटी. गोळी वाढवण्यापूर्वी चालू गोळी पोटात जाते का ते पाहा, हा वैद्यकातला पहिल्या वर्गाचा धडा. तो मी घरातच विसरलो. त्या दिवसापासून अण्णांवरचे उपचार मी माझ्या एका सहकारी डॉक्टरांकडे सोपवले. घरच्या माणसाचा डॉक्टर होऊ नये, हा नियम किती शहाणपणाचा आहे, ते मला पन्नाशीनंतर कळले.

त्या संध्याकाळी मी दवाखाना लवकर बंद केला आणि जांभळीखाली अण्णांजवळ जाऊन बसलो. ‘अण्णा, पावशा गेला त्या रात्रीचं मला सांगा,’ म्हणालो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘चमच्यानं तीनदा पाणी पाजलं. तिसऱ्यांदा त्यानं घेतलं नाही.’ त्यानंतर तासभर ते बोलत होते. आई गेल्यावर रात्री झोप लागत नसे, तेव्हा त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत पडायचे, हे मला प्रथमच कळले. शेवटी म्हणाले, ‘दोन दिवस आधी त्यानं चटई खराब केली म्हणून मी त्याच्यावर खेकसलो होतो रे.’ सहा आठवडे ते हेच गिळून बसले होते. मूत्रपिंड निकामी झालेल्या जीवाला लघवी आवरत नाही, त्यात त्याचा दोष नव्हता, आणि थकलेल्या ८३ वर्षांच्या माणसाचाही नव्हता, असे मी सांगितले. त्यांना ते ठाऊक होते. तरी कोणीतरी ते मोठ्याने म्हणायला हवे होते.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकांनी १९८०च्या दशकात अशा दुःखाला एक नाव दिले. त्याचा आशय असा, की ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही, ते माणसाला उघडपणे करता येत नाही. माणूस गेला तर सुतक असते, भेटायला येणारे असतात, दहावा-तेरावा असतो. कुत्रा गेला तर दुसऱ्या दिवशी शेजारी विचारतो, ‘नवा कधी आणताय?’ वृद्धांच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते. त्या एका जीवाबरोबर उठण्याची वेळ, चालण्याचे कारण, जेवणाची सोबत, घाटावरची ओळख आणि कधी कधी औषधाची आठवणही निघून जाते. शिवाय तो प्राणी आधी गेलेल्या जोडीदाराच्या काळातला असतो. पावशाचे नाव आईने ठेवले होते. त्या नावाने हाक मारायला आता घरात कोणी उरले नव्हते.

असा प्रसंग आपल्या घरी आला, तर काय करावे, हे अनुभवावरून सांगतो.

पहिल्या दिवसापासून त्या प्राण्याबद्दल बोलू द्या. ‘कुत्राच तर होता’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. त्याचा फोटो, पट्टा, वाटी घाईने उचलू नका. केव्हा उचलायची, हे ज्याचे दुःख आहे त्याला ठरवू द्या.

मग कागद घ्या आणि त्या प्राण्यामुळे दिवसभरात काय काय घडत होते, त्याची यादी करा. चालणे किती, कोणाशी गाठ पडे, जेवण केव्हा, गोळी केव्हा. यातली जी गोष्ट सुटली असेल, तिला नवा आधार द्या. आम्ही अण्णांच्या गोळ्या सात दिवसांच्या कप्प्यांच्या डबीत भरल्या आणि त्यांची वेळ मावशींच्या सकाळच्या चहाशी जोडली. रात्री आठ वाजता मी त्यांच्यासोबत जेवायला बसू लागलो. त्यासाठी दवाखाना अर्धा तास आधी बंद करावा लागतो. खरे तर हा बदल फार पूर्वीच व्हायला हवा होता.

महिनाभर दर आठवड्याला वजन करा. दोन-तीन आठवडे उलटूनही जेवण सुधारत नसेल, झोप उडाली असेल, माणूस अंथरुणातून उठेनासा झाला असेल, तर डॉक्टरांकडे न्या. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ‘आता जगून काय करायचं’ असे कोणी म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्याच दिवशी मदत घ्या. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

नवे पिल्लू लगेच आणू नका, आणि भेट म्हणून तर मुळीच नको. पिल्लू म्हणजे बारा-पंधरा वर्षांची जबाबदारी. त्याच्या ओढीने आणि पायांत येण्याने वृद्ध माणसे पडतात. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारे ८६ हजार असल्याचा अंदाज तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ साली दिला होता. मनात असेलच, तर थोड्या मोठ्या वयाचा, शांत स्वभावाचा कुत्रा बरा. मिश्र जातीचा किंवा गावठी असला तरी काही बिघडत नाही. आपल्या हवेला तो सरावलेला असतो.

ज्यांच्या घरी सध्या कुत्रा आहे, त्यांनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात. दरवर्षी रेबीजची लस आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. चावा बसला किंवा नखाने रक्त आले, तर जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कुत्रा घरचा असला तरीही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तसे डॉक्टरांना सांगावे. आपली दुखण्यावरची गोळी कुत्र्याला देऊ नये; आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांनी त्याचा जीव जाऊ शकतो. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेटही नको. आणि आपल्याला अचानक रुग्णालयात जावे लागले, तर त्याला कोण सांभाळणार, ते पशुवैद्यांच्या दूरध्वनी क्रमांकासह एका कागदावर लिहून दाराजवळ लावावे. ‘मी दाखल झाले तर माझ्या मनीला कोण बघेल?’ या एका चिंतेपायी उपचार लांबवणाऱ्या आजीबाई मी पाहिल्या आहेत. त्यांना मी हट्टी समजत असे. आता समजत नाही.

अण्णा आज ८७ वर्षांचे आहेत. वजन पूर्ववत झाले नसले, तरी घटायचे थांबले आहे. आळीतल्या चार कुत्र्यांच्या वार्षिक लसीचा खर्च ते आपल्या निवृत्तिवेतनातून करतात आणि त्यांच्यासाठी दारात पाण्याची कुंडी भरून ठेवतात. घरात मात्र कोणाला घेतले नाही. मी विचारले नाही, तेही बोलले नाहीत. पावशाच्या गळ्यातला पट्टा ओसरीतल्या खुंटीवर अजून आहे. गेल्या दिवाळीत भिंती रंगवताना रंगाऱ्याने तो काढून ठेवला होता. रंग वाळल्यावर अण्णांनी तो स्वतः पुन्हा तिथे अडकवला, आणि त्याच खुंटीला आपली काठी. पहाटे काठी घ्यायला हात वर गेला की पट्ट्याचा घुंगरू वाजतो. मग मला माझ्या खोलीत कळते, अण्णा फिरायला निघाले.